उघडें छप्पर आणि मृगाचा पाऊस

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेनें उत्तरेस आरे-वारेच्या वाटेनें गेलें म्हणजे सुमारें २५ किलोमीटरांवर गणपतीपुळें लागतें. एका बाजूस पांढरी पुळण, दुसऱ्या बाजूस जिला गणपतीचेंच रूप मानून भाविक लोक प्रदक्षिणा घालतात ती टेकडी, आणि या दोहोंच्या मध्यें पश्चिमेकडे तोंड करून असलेलें देऊळ. या स्थानाच्या महतीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचा आजचा विषय त्याहून फार लहान, किंबहुना कोणी क्षुल्लकही म्हणेल, असा आहे. तो म्हणजे या देवळाचें छप्पर, आणि त्याच्या निमित्तानें, ज्या इमारतीस एक मालक नसतो अशा सार्वजनिक इमारतींचीं छपरें.

स्थळकथा अशी सांगतात कीं, मोगलाईच्या काळीं येथें केवड्याचें बन होतें. बाळंभटजी भिडे नांवाच्या खोतांवर कांहीं संकट आलें असतां त्यांनीं या बनांत गणपतीची आराधना केली. पुढें मूर्तीचा शोध लागला, आणि त्यांनीं तिच्यावर गवताचें केंबळी छप्पर घालून लहानसें देऊळ उभारलें. शिवछत्रपतींचे सचिव अण्णाजी दत्तो यांनीं तें केंबळ काढवून त्या जागीं घुमट बांधविला. त्यानंतर पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांनीं पुढें सभामंडप बांधून दिला. हे गोविंदपंत म्हणजे गोविंद बल्लाळ खेर. यांचें मूळ गांव नेवरें पुळ्याच्या शेजारींच आहे. १७६० सालच्या डिसेंबरांत, पानिपतच्या संग्रामापूर्वीं थोडेच दिवस, ते शत्रूच्या छाप्यांत पडले. पेशव्यांच्या घराण्याकडूनही नंदादीप, धर्मशाळा अशा सोयी होत गेल्या. सांप्रत जें दगडी देऊळ यात्रेकरूंच्या दृष्टीस पडतें, तें अलीकडील जीर्णोद्धारानंतरचें आहे.

ही हकिकत वाचतांना आम्हांस तींत एक रिकामी जागा दिसते. भिड्यांनीं केंबळ घातलें, अण्णाजींनीं तें काढून घुमट बांधविला. परंतु कोंकणच्या पावसांत गवताचें छप्पर एकदोन पावसाळ्यांपलीकडे धड राहत नाहीं. अर्थात् या दोन नांवांच्या मधल्या काळांत कोणीतरी दर उन्हाळ्यास देवळावर चढून कुजलेलें गवत काढीत होतें आणि नवें घालीत होतें. त्यांचीं नांवें हकिकतींत नाहींत. तसेंच, जुनें केंबळ उतरलें तो दिवस आणि घुमटाचा शेवटचा दगड बसला तो दिवस, यांच्यामध्यें मूर्तीच्या डोक्यावर काय होतें, हेंही कोणी सांगत नाहीं. इतिहास छपरें घालणारांस ओळखतो; छप्पर उघडें असतांना तें झांकणारांस ओळखीत नाहीं. या दुसऱ्या वर्गाविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम पावसाचा विचार करूं. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे जुन्या हिशेबानें शंभर इंचांहून अधिक, पाऊस पडतो. आणि त्यांतील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. शिवाय हा पाऊस सरळ वरून पडत नाहीं. नैर्ऋत्येकडील वारा त्यास आडवा फेंकतो. तेव्हां कोंकणांतल्या इमारतीस डोक्याइतकीच छातीवरही झड सोसावी लागते. गणपतीपुळ्याचें देऊळ पश्चिमाभिमुख, आणि समोर समुद्र. वारा आणि लाटा ज्या दिशेनें येतात त्याच दिशेस त्याचा दरवाजा. अशा ठिकाणीं गाभाऱ्यापुढें सभामंडप असणें ही केवळ शोभेची किंवा गर्दीच्या सोयीची गोष्ट नव्हे. तो गाभाऱ्यासाठीं पुढें धरलेला हातच होय, असें आम्हांस वाटतें. गोविंदपंतांच्या मनांत हा हेतु होता कीं नव्हता, हा प्रश्न निराळा. इमारतीस मात्र त्याचा लाभ मिळाला असलाच पाहिजे.

अशा प्रदेशांत छपराच्या आयुष्याचे तीन काळ पडतात. छप्पर चांगलें असतें तो पहिला, जुनें होऊन गळूं लागतें तो दुसरा, आणि दुरुस्तीसाठीं उघडें असतें तो तिसरा. सामान्य समजूत अशी कीं, यांपैकीं दुसरा काळ वाईट. परंतु विचार केला असतां भय तिसऱ्याचेंच अधिक आहे. गळणारें छप्पर पाणी थेंबाथेंबानें आंत घेतें. त्याच्याखालीं घंगाळ ठेवतां येतें, पेटी सरकवितां येते. उघडें छप्पर एका सरींत सर्वच आंत घेतें. जुन्या छपराखालीं राहणारा माणूस सावध असतो. दुरुस्ती सुरू झाली म्हणजे तोच माणूस निश्चिंत होतो. पंचवीस वर्षांच्या गळतीनें जें झालें नसेल, तें दुरुस्तीच्या काळांतील एका रात्रीच्या पावसानें होऊं शकतें.

ही गोष्ट कोंकणांतील जुन्या लोकांस पुरी ठाऊक होती, आणि त्यांची शाकारणी या ज्ञानावरच उभी होती. ज्यांचें बालपण कोंकणांत गेलें त्यांस शाकारणीचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. परंतु घाटावरच्या आणि शहरांतल्या वाचकांसाठीं थोडें सांगतों. शिमगा झाला कीं घराकडे पाहण्यास सुरुवात होते. चैत्र-वैशाखांत छप्पर उघडतात. केंबळी घर असेल तर गवत, नळ्यांचें असेल तर कौलें उतरविलीं जातात. मधें सांचलेला पाला, माती झाडून काढतात. फुटकें कौल बाजूस टाकतात. वाळवीनें पोखरलेला वासा किंवा कुजलेली रीप बदलतात. आणि मग कौलें पुन्हां चढवितात. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं हें काम उरकावें, आणि मृग निघेल त्या दिवशीं घरावर एकही माणूस चढलेला नसावा, असा रिवाज.

या कामांत एक लहानशी अडचण आहे, आणि सर्व शहाणपण तिच्यांत सांठविलेलें आहे. छप्पर घालतांना काम वळचणीपासून आढ्याकडे चढत जातें, कारण पाणी बाहेर वाहून जाण्यासाठीं वरच्या ओळीनें खालच्या ओळीवर यावें लागतें. काढतांना मात्र तें आढ्यापासून वळचणीकडे उतरतें. यामुळें छपराचा जो भाग सर्वांत आधीं उघडा पडतो तोच सर्वांत शेवटीं झांकला जातो, आणि आढें हेंच तर छपराचें मर्मस्थान! म्हणून जाणता माणूस सबंध पाखें एकदम उघडीत नाहीं. तो एकच खण आढ्यापासून वळचणीपर्यंत उघडतो, त्यांतील लांकूड पाहतो, जें बदलावयाचें तें बदलतो, आणि दिवस मावळण्याच्या आंत तो खण झांकून मगच दुसऱ्या दिवशीं पुढच्या खणास हात घालतो. जितकें संध्याकाळपर्यंत झांकतां येईल तितकेंच सकाळीं उघडावें, हा त्याचा नियम. शिवाय खालीं अंगणांत नारळीच्या झांवळ्यांचे विणलेले झाप तयार असतात. आभाळ भरून आलें तर ते वर जातात.

पुढें साधनें बदललीं. मंगळुरास बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि त्या नमुन्याचीं चपटीं, खांचेचीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. एक कौल दुसऱ्याच्या खांचेंत बसत असल्यामुळें तीं नळ्यांप्रमाणें दरवर्षीं हलवावीं लागत नाहींत. त्यानंतर पत्रा आला, सिमेंट-काँक्रीटची गच्ची आली. प्रत्येक सुधारणेनें शाकारणीचा फेरा लांबला. वर्षाचें काम पांच वर्षांचें, पांचांचें वीस वर्षांचें झालें. घुमटाचेंही तेंच. केंबळ जाऊन घुमट आला तेव्हां पुळ्याच्या लोकांची वर्षाची दगदग चुकली, यांत संशय नाहीं. परंतु घुमटासही दुरुस्ती लागते. त्यालाही चिरा पडतात, त्याच्यावरही पिंपळाचें रोप मूळ धरतें. फरक इतकाच कीं, ती दुरुस्ती वर्षाची नसून पिढीची असते. आणि जें काम पिढींतून एकदां करावयाचें, तें कसें करावें हें ज्यास ठाऊक असतें तो माणूस बहुधा आधींच निघून गेलेला असतो.

खासगी घर आणि सार्वजनिक इमारत यांतील भेद येथेंच दिसूं लागतो. घराचा धनी स्वतः त्याच छपराखालीं निजतो. रात्रीं ढग गडगडला तर प्रथम तोच उठतो. देऊळ, शाळा, ग्रंथालय, कचेरी यांचें छप्पर सर्वांचें. म्हणजे मध्यरात्रीं तें कोणाचेंच नसतें. त्यांतून अशा इमारतीचा विस्तार मोठा. तिच्या कैच्या बदलावयाच्या तर एकेक खण उघडून भागत नाहीं, पुष्कळ भाग एकदम मोकळा करावा लागतो. तिचें काम मजुरीनें होतें, मजूर कंत्राटदाराचे, कंत्राट मंजुरीवर आणि मंजुरी पैशावर अवलंबून. सरकारी वर्ष एप्रिलांत सुरू होतें. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत आठवडे जातात. आणि परांची उभी राहते तेव्हां शेजारच्या शेतकऱ्यानें आपलें घर शाकारून हात धुतलेले असतात. म्हणजे शाकारणी जेव्हां संपावयाची, तेव्हां सार्वजनिक काम आरंभावयाचें! यांत कोणा एकाचा आळस असतो असें नाहीं. जमाखर्चाचें वर्ष आणि पावसाचें वर्ष हीं दोन निराळीं वर्षें आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचें काम कोणाकडेच सोंपविलेलें नाहीं, हा दोष आहे.

सार्वजनिक इमारतीस जागता धनी असूंच शकत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याच देशाच्या इतिहासांत याचा एक उत्तम दाखला आहे. माळव्यांतील दशपूर, म्हणजे हल्लींचें मंदसोर, येथें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतला एक शिलालेख सांपडला आहे. लाट देशांतून येऊन तेथें स्थाईक झालेल्या रेशीम विणणारांच्या श्रेणीनें मालव संवत् ४९३ मध्यें सूर्याचें एक देऊळ बांधविलें. पुढें त्याचा कांहीं भाग मोडला. तेव्हां संवत् ५२९ मध्यें, म्हणजे ३६ वर्षांनीं, त्याच श्रेणीनें त्याची दुरुस्ती केली, आणि बांधणीबरोबर दुरुस्तीचीही हकिकत वत्सभट्टि नांवाच्या कवीकडून रचवून दगडावर कोरविली. आमच्या दृष्टीनें या लेखाचें महत्त्व असें कीं, येथें दुरुस्ती करणारा कोणी राजा नाहीं, कोणी सरदार नाहीं; ज्यांनीं देऊळ बांधलें त्यांनींच तें राखलें, आणि राखण्याचें काम बांधण्याच्या कामाइतकेंच लिहून ठेवण्याजोगें मानलें. जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या बांधणीहून कमी नाहीं, ही आपल्याकडील जुनी समजूत अशा लोकांच्या आचरणांत होती.

धनी असणें व नसणें यांचा परिणाम एकाच ठिकाणीं पाहावयाचा असेल तर रत्नागिरीहून दक्षिणेस, त्याच किनाऱ्यानें, जुन्या गोव्यास जावें. पाऊस तोच, जांभा दगड तोच. तेथील टेकडीवर संत ऑगस्टीनचें प्रचंड चर्च होतें. पोर्तुगीज सरकारनें धार्मिक संघांस हद्दपार केल्यावर तें १८३५ सालीं ओस पडलें, आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, त्याची कमान-छत कोसळली. पुढें १९३१ सालीं दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा मोठा भागही पडला. आज आकाशास टेंकलेला एक अर्धा मनोरा तेवढा शिल्लक आहे. शतकानुशतकें उभी राहिलेली इमारत सात पावसाळ्यांत उघडी पडली, याचें कारण पाऊस वाढला हें नव्हे. छपराकडे पाहणारा उरला नाहीं हें होय.

त्याच टेकडीच्या पायथ्याजवळ बॉम जेझसची बॅसिलिका आहे. हिचें बांधकाम १५९४ सालीं सुरू होऊन १६०५ सालीं ती धर्मकार्यास खुली झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांचें शव येथें ठेवलेलें असून, त्यांची कबर टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें अर्पण केलेली, फ्लॉरेन्सचा शिल्पी फोगिनी याच्या हातची आहे. १९८६ पासून ही इमारत जागतिक वारशांत गणली जाते. म्हणजे हिला धनी नाहींत असें नाहीं. उलट पुष्कळ आहेत. परंतु हिच्या अंगावरही दोन आघात झाले, आणि दोन्ही सुधारणेच्या हेतूनेंच. पहिला असा कीं, १९५० नंतरच्या दशकांत हिच्या बाहेरील भिंतींचा चुन्याचा गिलावा काढून जांभा उघडा करण्यांत आला. जांभा उघडा दिसावयास सुंदर दिसतो. पण तो सच्छिद्र दगड आहे. खाणींतून काढतांना तो कोयत्यानेंही तासतां येतो, वाऱ्यावर घट्ट होतो, परंतु पाणी पिण्याचा त्याचा गुण जात नाहीं. चुन्याचा गिलावा हें त्याचें इरलें. तें काढल्यावर दर पावसाळ्यास भिंती भिजूं लागल्या.

दुसरा आघात आमच्या विषयाशीं अगदीं निगडित आहे. २०२० सालच्या उन्हाळ्यांत या बॅसिलिकेच्या छपराच्या दुरुस्तीचें काम हातीं होतें. मार्चच्या अखेरीस महामारीमुळें देशभर टाळेबंदी झाली, माणसें घरीं बसलीं, काम रखडलें. पाऊस मात्र टाळेबंदी मानीत नाहीं. पावसाच्या आरंभींच्या सरींनीं पाणी आंत शिरलें, आणि तेथील धर्मगुरूंस पुरातत्त्व खात्याकडे कळकळीची तक्रार करावी लागली. चार शतकें जें मंदिर उभें आहे, तें दुरुस्तीच्या उन्हाळ्यांत भिजलें! आम्हांस येथें कोणास दोष द्यावयाचा नाहीं. महामारी कोणाच्या अंदाजपत्रकांत नव्हती. परंतु यांतून जो बोध घ्यावयाचा तो असा कीं, उघडें छप्पर हें नेहमीं कांहीं ना कांहीं अनपेक्षित घडेल या हिशेबानेंच उघडावें लागतें. काम अडेल, माणूस आजारी पडेल, लांकूड वेळेवर येणार नाहीं, पैसा थांबेल; यांपैकीं एखादी गोष्ट घडणारच. शाकारणीचा ‘संध्याकाळपर्यंत झांकतां येईल तितकेंच’ हा नियम अशा अनपेक्षितासाठींच होता.

मोठ्या इमारतीस एकेक खण उघडून भागत नाहीं, हें आम्ही वर म्हटलेंच आहे. मग तिनें काय करावें? या प्रश्नाचें सर्वांत विचारपूर्वक उत्तर, आमच्या समजुतीनें, जपानी लोकांनीं दिलें आहे. त्यांचाही देश पावसाचा आणि त्यांचीं देवळें लांकडाचीं. ईसे येथील गवती छपराचें प्राचीन देवस्थान दर वीस वर्षांनीं नवें बांधतात. हा क्रम सातव्या शतकापासून, मधले कांहीं खंड सोडल्यास, चालू असून २०१३ सालीं बासष्टावी पाळी झाली. परंतु जुनें पाडून त्याच जागीं नवें बांधीत नाहींत. शेजारीं तेवढीच दुसरी जागा मोकळी ठेवलेली असते. तेथें नवें देऊळ छपरासकट पुरें होतें, देव तिकडे जातो, आणि मगच जुनें उतरवितात. देवाच्या डोक्यावर एक रात्रही आभाळ येत नाहीं, आणि प्रत्येक पिढीच्या सुतारांस हें काम निदान एकदां तरी स्वतःच्या हातानें करावयास मिळतें. जेथें इमारत हलवितां येत नाहीं तेथें ते तिच्यावर दुसरें छप्पर उभारतात. हिमेजी येथील किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचें काम २००९ ते २०१५ या काळांत झालें, तेव्हां सबंध बुरुज एका तात्पुरत्या इमारतीच्या पोटांत घेतलेला होता. इतका खर्च आपल्या गांवच्या देवळास किंवा शाळेस झेपणारा नव्हे, हें खरें. तथापि तत्त्व तेंच राहतें. बांबूंच्या परांचीवर पत्र्याचें उतरतें तात्पुरतें छप्पर आधीं उभारावें आणि त्याच्या आडोशास जुनें उतरवावें. त्याचा खर्च दुरुस्तीच्या खर्चांतच धरावा, मागाहून आठवण झाली म्हणून नव्हे.

आणि एवढें करूनही पाणी आंत आलेंच तर? त्या वेळींही जुनें घरगुती शहाणपण उपयोगी पडतें. ताडपत्री सपाट ताणली तर तिच्यांत पाणी सांचून तिची पखाल होते, आणि ती फाटली म्हणजे पावसाहून अधिक नुकसान करते. तिला आढ्यावरून दोन्ही बाजूंस उतार द्यावा, आणि तिच्या कडा भिंतीच्या आंत नव्हे, भिंतीच्या पलीकडे सोडाव्या. १५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिस येथील नोत्र दामच्या चर्चचें छप्पर, दुरुस्तीचें काम चालू असतांनाच, आगींत गेलें; तेव्हां आठच दिवसांनीं दोरावर लटकून काम करणारे लोक वर चढून ताडपत्र्या अंथरीत होते, कारण आगींतून वांचलेल्या कमानींस आतां भय पावसाचें होतें. मोठमोठ्या शिल्पज्ञांच्याही हातांत अशा वेळीं प्रथम ताडपत्रीच येते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरें, आंत आलेल्या पाण्यास वाट द्यावी. पन्हळी व मोऱ्या पाल्यानें बुजलेल्या नाहींत ना, हें पाऊस येण्यापूर्वीं पाहावें. तिसरें, भिजलेली भिंत वाळविण्याची घाई करूं नये. चिरा पाणी लवकर पितो आणि सावकाश सोडतो. आग पेटवून ती वरवर कोरडी केली, किंवा तशींच तिच्यावर सिमेंट थापलें, तर पाणी आंतच राहतें आणि पुढें गिलावा फुगवून बाहेर येतें. दारें-खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्यास काम करूं द्यावें, आणि गिलाव्यास दिवाळीनंतर हात घालावा. चौथें, भिजलेलें लांकूड जेथें भिंतींत शिरतें ती जागा वारंवार पाहावी. वासा कुजतो तो मध्यें नव्हे, भिंतींतल्या टोंकास, आणि वाळवीही तेथूनच चढते. पांचवें, आणि शाळा-ग्रंथालयांच्या बाबतींत सर्वांत महत्त्वाचें, कागद. भिजलेल्या कागदास दोनतीन दिवसांत बुरशी धरते. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरानें लक्षावधि ग्रंथ चिखलांत गेले, आणि जगभरच्या तरुणांनीं तेथें जाऊन ते हातोहात वर काढले. त्या अनुभवापासून ग्रंथरक्षणाचें आधुनिक शास्त्रच वाढीस लागलें. चिकटलेलीं ओलीं पानें ओढून सोडवूं नयेत, मधें कोरे टीपकागद घालावे, उन्हांत नव्हे तर वाऱ्यावर सुकवावें. परंतु याहून सोपा उपाय असा कीं, छप्पर उघडण्याच्या आधींच कागद दुसऱ्या छपराखालीं न्यावे. पुळ्याच्या शेजारच्या मालगुंड गांवीं १८६६ सालीं केशवसुतांचा जन्म झाला, आणि त्यांचें घर आज स्मारक म्हणून जपलेलें आहे; अशा वास्तूंत कौल नवें आणतां येतें, हस्तलिखित नवें आणतां येत नाहीं.

आणखी एका गोष्टीचा निर्देश केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. आजवर आपण सर्व हिशेब मृगावर बसविला. मृग ७-८ जूनच्या सुमारास निघतो, त्याच्या आंत छप्पर झांकलें म्हणजे झालें, अशी खात्री होती. परंतु ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली-मंडणगडाकडेही घरांचीं व शाळांचीं छपरें उडवून गेलें. त्यापुढच्याच वर्षीं, १६ मे २०२१ च्या सुमारास, ‘तौक्ते’ हें दुसरें वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेस गेलें. मेच्या मध्यास म्हणजे शाकारणीच्या अगदीं ऐन भरांत! अरबी समुद्रांत हल्लीं अशीं वादळें पूर्वींपेक्षां अधिक व तीव्र होऊं लागलीं आहेत, असें हवामानशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां जुना नियम सोडावयाचा नाहीं. तो आणखी एक महिना अलीकडे ओढावयाचा आहे. सार्वजनिक इमारतीचें छप्पर दिवाळीनंतर उघडावें आणि शिमग्यापर्यंत झांकावें, असा नवा रिवाज आपण पाडला पाहिजे. आणि त्यासाठीं पैशाची मंजुरी पावसाळ्यांतच, छप्पर गळत असतांना, मिळविली पाहिजे. गळणारें छप्पर पावसाळ्यांत सर्वांस दिसतें. उन्हाळ्यांत तें कोणास आठवत नाहीं.

परंतु हे सर्व उपाय माणसावांचून निरुपयोगी आहेत. मंजुरी, निविदा, ताडपत्री हीं सर्व असूनही, आभाळ भरून आलेल्या रात्रीं ‘आज काय उघडें आहे?’ असें विचारणारा एक माणूस प्रत्येक सार्वजनिक इमारतीस असला पाहिजे, आणि तो कोण हें आधीं ठरलेलें असलें पाहिजे. देवळास पुजारी असतो, ग्रंथालयास ग्रंथपाल असतो, शाळेस मुख्याध्यापक असतो. दुरुस्तीच्या काळांत छपरास राखणदार नेमावा, एवढीच आमची सूचना आहे. तिला खर्च थोडा आणि मान त्याहूनही थोडा. म्हणूनच कदाचित् ती आजवर कोणी केली नसेल.

गणपतीपुळ्याच्या हकिकतींत भिडे आहेत, अण्णाजी दत्तो आहेत, गोविंदपंत आहेत. आणि तें योग्यच आहे. परंतु केंबळाच्या काळांत दर वैशाखांत गवताच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन देवळावर चढलेले, आणि घुमट पुरा होईपर्यंत मूर्तीवर झाप धरून बसलेले लोकही तेथें होते. ते नसते तर पुढच्या घुमटास झांकण्यासारखें कांहीं उरलें नसतें. पुढच्या जीर्णोद्धाराची हकिकत जे कोणी लिहितील त्यांनीं देणगीदारांच्या यादीखालीं या लोकांसाठीं एक ओळ राखून ठेवावी, इतकी विनंति करून आम्ही हा लेख संपवितों.